प्लायवूडवरचा शिपाई

बिबवेवाडीत अप्परच्या उतारावर आठ बाय चारचे तीन प्लायवूड भिंतीला टेकून उभे आहेत. त्यांच्यावर अजून चित्र नाही. नुसता पांढरा प्रायमर आहे. आणि त्या पांढऱ्यावरून आमच्या वस्तीत तीन आठवडे भांडण चालू आहे. हे संपादकीय त्या भांडणातच बसून लिहिलंय. कुठे हात घसरला तर दोस्तांनी समजून घ्यावं.

भांडणाचं मूळ साधं आहे. १ जानेवारीला पेरणे फाट्याला जायच्या आधी वस्तीच्या तोंडाला कोरेगावच्या लढाईचं मोठं चित्र लावायचं, असं पोरांनी ठरवलं. दरवर्षी तिथे फ्लेक्स लागतो. मधे स्तंभ, वर बाबासाहेब, आणि खाली ज्याने पैसे दिले त्याचा चेहरा, गॉगलसकट. त्याच्याखाली बारक्या चौकोनांत बाकीचे चेहरे, वर्गणीच्या मापाने लहान-मोठे. शिपाई कुठेच नाही. ज्याच्यासाठी आपण तिथे जातो तोच फ्लेक्सवरनं गायब, आणि जो त्या दिवशी सकाळी अकराला उठतो तो चार फुटी. म्हणून यंदा म्हणालो, फ्लेक्स नको. हाताने रंगवू.

वस्तीत पेंटर आहे. मार्केट यार्डात ट्रकच्या फाळक्यावर मोर, कमळं, 'पुन्हा भेटू' रंगवता रंगवता म्हातारा झाला. फ्लेक्सने त्याच्या पाट्या खाल्ल्या. मग नंबरप्लेटवर भागवत होता, तर आता नंबरप्लेटही कारखान्यातून छापून येते. पेंटरकाका प्लायवूड बघून खूश झाला. अंगठ्याने प्रायमर घासून बघितला आणि म्हणाला, "नमुना आणा पोरांनो. बघून काढीन. मनातनं काढलं की माझा हात मोराकडे जातो."

पोरांनी मोबाईलवर नमुना आणला. घोडेच घोडे. करडे, पांढरे, तोंडाला फेस, सरळ आपल्या अंगावर येणारे. वर लाल डगले, उपसलेल्या तलवारी, उघडी तोंडं. खाली कुणीतरी लिहिलेलं : भीमा कोरेगाव, ५०० शूर वीर. पेंटरकाका म्हणाला, "घोडे तर मी झोपेत काढीन."

मी त्या शनिवारी मुंबईहून आलो होतो. आठवडाभर डॉकमध्ये लोखंडाची कॉइलं मोजून डोळे चुरचुरत होते. तरी ते चित्र बघून खटकलं. सगळे शिपाई गोरे. मिशा पिवळ्या. डोक्यावर केसाळ उंच टोप्या. म्हणलं, हे आपले कुठले?

रात्रपाळीत क्रेन थांबली की मोबाईल हाच आमचा वाचनालय. शोधलं. ते चित्र 'स्कॉटलंड फॉरएव्हर'. इंग्लंडच्या लेडी बटलर नावाच्या बाईने १८८१ साली रंगवलेलं. लढाई वॉटर्लूची, १८१५ ची, घोडेस्वार स्कॉटलंडचे. बाई जन्मली १८४६ ला, म्हणजे वॉटर्लू होऊन ३१ वर्षं झाल्यावर. चित्र इंग्लंडात लीड्सच्या आर्ट गॅलरीत आहे. आणि त्याच्या नकला जगभर. छापलेल्या, हाताने रंगवलेल्या, बिस्किटाच्या डब्यावर शोभाव्यात अशा. त्यातलीच एक फिरत फिरत बिबवेवाडीत आली आणि आपल्या पूर्वजांच्या नावाने उभी राहायला निघाली.

हसू नका. ही नुसती पोरांची चूक नाही. लढाईच्या चित्राची नक्कल करणारा फक्त घोडे आणि बंदुका उतरवून घेत नाही. मूळ चित्र काढणाऱ्याने कुणाला पुढे घेतलं, कुणाला मागे ढकललं, कुणाला कॅनव्हासच्या बाहेर हाकललं, तेही सगळं उतरवून घेतो. गावाची वेस चित्रातही असते. नक्कल करताना आपण ती वेस आपल्या हाताने पुन्हा रंगवतो, वर रंगाचे पैसेही आपणच देतो.

याच बाईचं दुसरं चित्र बघा. 'रेमनंट्स ऑफ ॲन आर्मी', १८७९. जानेवारी १८४२ मध्ये इंग्रजांचं सैन्य काबूलहून माघारी निघालं. साडेचार हजारांच्या आसपास सैनिक, त्यातले बहुतेक हिंदी शिपाई. त्यांच्याबरोबर बाराएक हजार बिनलढाऊ माणसं. भिस्ती, मोतद्दार, आचारी, हमाल, डोलीवाले, झाडूवाले, बायका, पोरं. बर्फात आणि खिंडीत ती सेना संपली. बटलरबाईंनी काय रंगवलं? एक गोरा डॉक्टर, ब्रायडन, मरायला टेकलेल्या घोड्यावर बसून जलालाबादच्या किल्ल्याकडे येतोय. बस. सोळा हजारांतून एक. चित्र सुंदर आहे, नाही म्हणत नाही. घोड्याची मान बघून पोटात कालवतं. पण काय झालं, की चित्रामुळे जगाला वाटलं तो एकटाच वाचला. ते खोटं आहे. नंतर कितीतरी हिंदी शिपाई रखडत, बोटं झडलेली घेऊन पोचले. काही गुलाम म्हणून विकले गेले. भिस्त्याचं चित्र कुणी काढलं नाही, म्हणून भिस्ती मेला की जगला याची विचारपूसही कुणी केली नाही.

आता कोरेगावकडे येऊ.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून कंपनीची पलटण निघाली. पाचशेच्या आसपास पायदळ, तीनशेच्या आसपास स्वार, दोन तोफा, तोफांवर मद्रासचे गोलंदाज. कप्तान स्टाँटन. रात्रभर चालून सकाळी भीमेच्या काठाला पोचले तर पलीकडे दुसऱ्या बाजीरावाची फौज. आकडा २८ हजार सांगतात, त्यात वीसेक हजार घोडेस्वार. म्हणजे दोस्तांनो, घोडे होते ते बहुतेक पेशव्याकडे! आपल्या पोरांनी नमुन्यात आणलेला घोड्यांचा लोंढा खरं तर समोरच्या बाजूचा. आपला माणूस पायी होता. लाल डगला, गुडघ्याच्या वर येणारी आखूड चड्डी, पायांत चपला, हातात तोंडाकडून ठासायची चकमकीची बंदूक. रात्रभर चाललेला, उपाशी. गावाच्या मातीच्या भिंतीआड, गल्लीबोळांत. लढाई झाली ती घराघरांतून, दारादारांतून. सकाळपासून अंधार पडेपर्यंत.

आणि समोरून गल्लीत घुसले ते कोण? अरब आणि गोसावी पायदळ, दोनेक हजार. २८ हजार सगळे एकदम गावावर तुटून पडले असं झालं नाही. कंपनीकडचे पाचशे सगळे महार होते असंही नाही. मराठे होते, मुसलमान होते. स्तंभावर मेलेल्यांची ४९ नावं आहेत, त्यातली २२ 'नाक' लागून संपतात. ती आपली. दुसऱ्या दिवशी पेशव्याचं सैन्य निघून गेलं, पुणं त्याला परत घेता आलं नाही. कंपनीची सव्वाआठशेच्या वर माणसं होती, त्यातली २७५ मेली, जखमी झाली किंवा सापडली नाहीत.

हे मी इथे लिहिलं म्हणून परवा एका दोस्ताने मला पेठेतला भट म्हणून टाकलं. म्हणाला, "आपलाच माणूस आकडे कमी करायला लागला तर झालं कल्याण." मी त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. गळ्यात मडकं बांधायला लावणाऱ्या राजवटीसमोर आपली माणसं बंदूक घेऊन उभी राहिली आणि मागे हटली नाहीत. हे खरं आहे आणि हे पुरेसं मोठं आहे. त्याला हवा भरायची गरज नाही. आपण हवा भरली की समोरचा एक टाचणी घेऊन येतो आणि फुग्याबरोबर खऱ्यालाही फोडतो. २०१८ ला लढाईला २०० वर्षं झाली तेव्हा १ जानेवारीला रस्त्यावर काय झालं हे आपण विसरलेलो नाही. दगड खाल्ले, गाड्या जळाल्या. त्यानंतर तर चित्रातली एक चुकीची टोपीसुद्धा आपल्याला परवडत नाही.

उलट्या बाजूची नक्कलही तितकीच वाईट. काही ठिकाणी बघितलं, शिपाई सिनेमातल्या हिरोसारखे. छातीचे डोंगर, दंडावर शिरा, अंगावर कपडा नाही, हातात निळा झेंडा. १८१८ ला निळा झेंडा कुठला आला? आणि रात्रभर चालून उपाशी लढणाऱ्या माणसाला असले दंड असतात का? माझ्याबरोबर डॉकमध्ये बारा-बारा तास माल ओढणारी माणसं आहेत. एकाचेही दंड असे नाहीत. वाळलेली, पिळलेली, दोरखंडासारखी माणसं आहेत. पण वजन उचलतात. आपल्याला आपल्या बापाचं शरीर चित्रात घ्यायला लाज वाटते का? तर मग तो गोरा घोडेस्वार आणि हा हिरो यांत फरक काय राहिला? दोन्हीकडे आपला माणूस नाहीच.

हे मी दुसऱ्याला बोलतोय, पण आमच्या घरातही तेच आहे.

आमचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात महार पलटणीत होते. त्यांचा एक फोटो घरात आहे. काळा-पांढरा काढलेला, आणि मग स्टुडिओवाल्याने वरून हाताने रंग भरलेला. तेव्हा तशी रीत होती. त्याने वर्दीला हिरवा दिला, पाठीमागे नसलेली बाग दिली, आणि चेहऱ्याला गुलाबी दिला. गाल सफरचंदासारखे. ओठ लाल. आज्जी लहानपणी तो फोटो पुसताना म्हणायची, "हे आमचं बाबा न्हाईत. हा कुणी सायेब हाये. बाबा काळं व्हतं, भट्टीतल्या विटंवानी." तरी पुसायची. रोज पुसायची. कारण दुसरा फोटो नव्हता. बापाचा चेहरा बघायचा तर त्या गुलाबी रंगाखालीच शोधायचा.

पलटणीचंही असंच आहे. कोरेगावला लढलो, कंपनीने स्तंभ बांधला आणि विजय आपल्या नावावर लिहिला. पुढे १८९० च्या दशकात त्याच इंग्रजाने ठरवलं की हिंदुस्थानात काही जाती लढाऊ आणि काही बिनलढाऊ. आपण बिनलढाऊ! भरती बंद. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर, त्यांनी १८९४ ला अर्ज लिहिला. आपल्या पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० ला थेट लंडनच्या सरकारकडे अर्ज पाठवला. पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडली, १९१७ ला १११ महार ही पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ ला मोडली. दुसरं आलं, १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी. डॉकमध्ये याला बदली कामगार म्हणतात. बोट लागली की ये, बोट सुटली की घरी जा. शौर्याचा दाखला खिशात घेऊन आपण शंभर वर्षं ऑफिसच्या दारात उभे होतो. म्हणून आज चित्र काढायचं ते दाखला म्हणून काढायचं नाही, असं माझं मत आहे. कुणाला पटवायला नाही. आपल्या पोरांना आपला माणूस दिसावा म्हणून.

मधेच एक डॉकची गोष्ट सांगतो. १४ एप्रिल १९४४, बाबासाहेबांच्या वाढदिवसाचा दिवस. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकला 'फोर्ट स्टिकीन' नावाची बोट. तिच्यात कापसाच्या गासड्या, सोन्याच्या विटा, आणि चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा. हे सगळं एकाच बोटीत, कारण युद्ध होतं. दुपारी आग लागली, चारनंतर दोन स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांची आठवण दरवर्षी होते, व्हायलाच पाहिजे. पण शेकडो मेले. त्यात हमाल होते, गोदीतले कामगार होते, जवळच्या झोपड्यांतली माणसं होती. इंग्लंडने या युद्धात चित्रकारांची सरकारी कमिटीच नेमली होती. कमिटीचे चित्रकार इराकात गेले, ब्रह्मदेशात गेले, हिंदी शिपायांचीही चित्रं त्यांनी काढली. शिपायाच्या बंदुकीतली गोळी बोटीतून ज्याने पाठीवर उतरवली, त्याच्या वाट्याला ब्रश आला नाही. युद्धाचा नफा बोटीतून येतो आणि युद्धाचं चित्र रणांगणावरनं. मधला माणूस दोन्हीकडे नाही.

चित्रातून असा माणूस दाखवला तर काय होतं, त्याचेही पुरावे आहेत. बंगालच्या दुष्काळात, १९४३ ला, चित्तप्रसाद नावाचा पोरगा मिदनापूरच्या गावागावांतून पायी फिरला. भुकेने मेलेली माणसं शाईने काढली, 'हंग्री बेंगॉल' नावाचं पुस्तक छापलं. सरकारने प्रती जप्त करून जाळल्या. नंतर तो आपल्या मुंबईत, अंधेरीला राहिला, लिनोवर शेतकरी-कामगार कोरत. आणि पिकासोचं 'गेर्निका' तुम्हाला माहीत आहे. १९३७ ला बॉम्बने भाजलेल्या गावाचं. त्याची विणलेली नक्कल न्यूयॉर्कला युनोत सुरक्षा परिषदेच्या दारात टांगलेली होती. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचा मंत्री इराकवरच्या युद्धाची बाजू मांडायला तिथे आला, तेव्हा त्या नकलेवर पडदा टाकला. निळा पडदा. च्यायला, रंग बघा कोणता शोधला! मूळ चित्र स्पेनमध्ये होतं. ही नुसती लोकरीची नक्कल. तरी तिच्यासमोर उभं राहून बोलायची सोय नव्हती. म्हणजे नक्कल म्हणून कमी लेखायचं काम नाही. कशाची नक्कल, एवढाच प्रश्न.

तर आमच्या प्लायवूडवर काय काढायचं? मी वस्तीच्या बैठकीत एक गोष्ट मांडली आणि तिच्यावरूनच सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला. मी म्हणलं, तहान काढू.

कारण त्या दिवशीची सगळ्यात मोठी गोष्ट तलवार नव्हती. पाणी होतं. रात्रभर चालून आलेली माणसं, दिवसभर उन्हात आणि दारूच्या धुरात. काडतूस दाताने फोडायचं, तोंडात दारूची खारी भुकटी जायची, त्याने घसा आणखी सुकायचा. आणि पन्नास पावलांवर भीमा नदी वाहतेय. नदी दिसतेय, पण वाट शत्रूने अडवलेली. संध्याकाळनंतर कुठे पाणी मिळालं. पाणी समोर आहे आणि हात लावता येत नाही, ही गोष्ट आपल्या माणसाला रणांगणावर पहिल्यांदा कळली का? ती तर त्याला गावातच पाठ होती. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला त्या स्तंभापाशी येऊन गेले, आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ऐंशी दिवससुद्धा मधे नाहीत. मला तर ते एकच चित्र वाटतं. डाव्या प्लायवूडवर गल्ली, मधल्यावर भिंतीला टेकलेला ओठ फुटलेला शिपाई, उजव्यावर नदी.

एक दोस्त म्हणाला, "तहानलेला शिपाई म्हणजे कमजोर शिपाई. पोरांना जोश कसा येणार?" बरोबर असेलही त्याचं. दुसरा म्हणाला, स्टाँटन काढायचाच नाही, एकही गोरा नको. मी म्हणालो, काढू. कोपऱ्यात काढू, पण काढू. पगार त्याच्याच कंपनीचा होता. ते लपवलं तर आपणही बटलरबाईच झालो, फक्त उलट्या. यावर मत झालेलं नाही. तिसरा म्हणाला, एवढं डोकं खाण्यापेक्षा फ्लेक्स लावा, दोन तासांत मिळतो. तो मात्र एकटा पडला, कारण पेंटरकाका तिथेच बसला होता आणि त्याने नुसतं त्याच्याकडे बघितलं.

घोडे आम्ही काढून टाकले. पेंटरकाकाला वाईट वाटलं. म्हणाला, "एक तरी ठेवा. लांब, नदीपलीकडे, पेशव्याचा." ठेवला.

नमुना मग कुठला? मोबाईल खिशात ठेवला आणि वस्तीतल्या माणसांना स्टुलावर बसवलं. पहिला बसला तो कचऱ्याच्या गाडीवरचा, दुसरा मार्केट यार्डातला हमाल. पेंटरकाकाने रंगाचे डबे उघडले. त्याच्याकडे अंगाच्या रंगाचा एक डबा तयार असतो, देवांसाठी आणि पुढाऱ्यांसाठी, गुलाबीसर. त्याने तो उघडला, हमालाकडे बघितलं, डबा बंद केला. मग गेरू घेतला, त्यात काळा, थोडा पिवळा. ढवळत राहिला. चार वेळा हमालाच्या हाताशेजारी काडी धरून बघितली. चाळीस वर्षं रंगवतोय, म्हणाला, पण हा रंग पहिल्यांदा कालवतोय.

२२ पैकी सात चेहरे झालेत, कागदावर. पंधरा बाकी. दर रविवारी सकाळी दहाला अप्परच्या शेवटच्या स्टॉपपासून आत वळा, समाजमंदिराच्या मागे. पैसे नंतर, आधी बसायला माणसं हवीत. रात्रपाळी करून आलेला, न झोपलेला, ओठ सुकलेला असेल तर फार बरं. दोन तास हलायचं नाही, आणि पेंटरकाका अधेमधे पाणी पिऊ देत नाही.